जोडी गैरहजर आहे, बाई

बाई, शाळेच्या फाटकापाशी जेसीबी येऊन उभा राहिलाय. काल दिवेलागणीला आला. ड्रायव्हरनं पुढचं फावडं जमिनीला टेकवलं, किल्ली खिशात घातली आणि अमावस्येला कामाला हात लावणार नाही म्हणून घरी निघून गेला. उद्या पाडवा. साडेतीन मुहूर्तांतला एक, तेव्हा नारळ फोडून सुरुवात करायची असं ठरलंय. आधी नारळ फुटेल, मग तुमचा रॅम्प.

तुमचं तेरावं परवाच झालं. चार माणसं बोलायला उठली. कुणी तुमची नोकरीची वर्षं सांगितली, कुणी बदल्या. मला बोलवलं तेव्हा मी हात जोडून खाली बसलो. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, ते चारचौघांत कसं काढायचं? म्हणून आता शाळा सुटल्यावर तुमच्या टेबलाशी बसून लिहितोय. टेबल अजून व्हरांड्यातच आहे. खोली तर तुम्ही केव्हाच देऊन टाकली होती.

खोलीवरूनच आपली पहिली वादावादी झाली होती. वैजंताला तिचा बाप खांद्यावर बसवून घेऊन आला होता. "बाई, हिचे पाय चालत न्हाईत अन् बोलनंबी जड हाय, पर समजतं सगळं," एवढंच तो म्हणाला आणि तिला खाली कुठं ठेवावं ते कळेना म्हणून तसाच उभा राहिला. सगळ्या शाळेत उंबरा नसलेली खोली एकच, मुख्याध्यापकांची. तुम्ही शिपायाला हाक मारली आणि कपाट सोडून बाकी सगळं बाहेर काढायला लावलं. मी म्हटलं, बाई, हुद्द्याला शोभत नाही. तुम्ही म्हणालात, "हुद्दा कुठंही बसेल हो गणितवाले, ही कुठं बसणार ते सांगा."  त्या दिवसापासून तुम्ही व्हरांड्यात बसायला लागलात, आणि पोरगी वरच्या वर्गात गेली की खोली न बदलता दारावरची पाटी बदलायची, अशी या शाळेची रीत पडली. दुसरीची पाटी जाऊन तिसरीची आली, आता सहावीची आहे.

मग तिची तीनचाकी व्हरांड्यावर चढावी म्हणून रॅम्प झाला. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे सहकारी कारखान्याचे संचालक, त्यांनी सिमेंट दिलं हे मी नाकारत नाही. त्यांना फक्त उद्घाटन हवं होतं. मंडप, हार, तीनचाकीवर बसलेली वैजंता आणि मागं हसणारे साहेब, असा फोटो. तुम्ही म्हणालात, रॅम्पवरून पोरं जातील तेच उद्घाटन. साहेब हसले, पण ते हसणं त्यांनी जपून ठेवलं असणार. मी तेव्हाच तुम्हाला म्हणालो होतो की एक फोटो काढू दिला असता तर काय बिघडलं असतं. तुम्ही म्हणालात, "आज फोटोला बसवली की उद्या कुठं बसवायची तेपण तेच ठरवतील." मला ते तेव्हा आडमुठेपणाचं वाटलं. आज फाटकाकडं पाहिलं की वाटत नाही.

पण तुमचं खरं काम रॅम्प नव्हता. ते होतं जोडी. आपल्या भागात ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा माणूस म्हणजे अर्धा. आपल्या शाळेतल्या निम्म्याअधिक पोरांचे आईबाप दिवाळीनंतर तसेच जोडीनं ट्रकमध्ये चढतात. तुम्ही सगळ्या शाळेच्या जोड्या लावल्या, अगदी सगळ्यांच्या, ऐकू न येणाऱ्या दोन पोरांच्या, तशाच धडधाकट पोरांच्याही. दिवाळीनंतर जोड्या नव्यानं लावायच्या. परिपाठाला रांगेत हजेरी जोडीची. एक आलं नसेल तर दोघंही गैरहजर, आणि मग दुसरी एक जोडी त्याला घरून आणायला जाणार. आणायला कुणी एकट्यानं जायचं नाही. ते येईपर्यंत परिपाठ थांबायचा.

मी संतापलो होतो. म्हटलं, पोरांना त्यातून बाहेर काढायला शाळा आहे आणि तुम्ही त्यांना इथंही कोयत्यासारखं बांधताय. तुम्ही शांतपणे पेन बंद केलंत. "सर, यांच्या आईबापांना एकमेकांवाचून ऊस तोडता येत नाही, हे यांना पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. मला नवं काही समजावून सांगावं लागत नाही. वैजंताला मदत करा असं मी म्हटलं तर ही पोरं चार दिवस मदत करतील आणि पाचव्या दिवशी उपकार मोजतील. जोडी म्हटलं की मोजत नाहीत." यावर मी कुरकुरलोच. कुरकुरणं हा माझा स्वभाव आहे, ते तुम्हाला ठाऊक होतं.

गेल्या वर्षी वैजंताच्या जोडीला अयोध्या आली, आणि यंदाही तुम्ही ती जोडी मोडली नाहीत. दोघींचेही आईबाप तोडीला गेलेले, वैजंता चुलत्याकडं, अयोध्या आत्याकडं. अयोध्या बडबडी आणि पाढ्यांना वैरी. पहिल्याच आठवड्यात तिची आत्या तरातरा आली. "आमच्या पोरीनं तिचं दप्तर कावून उचलायचं? ती काय गडी हाय का?" तुम्ही तिला खुर्ची दिलीत, पाणी मागवलंत आणि म्हणालात, खिडकीतून जरा आत बघा. आत अयोध्या तेराचा पाढा म्हणत होती आणि चुकली की वैजंता बाकावर थाप मारत होती. बोलणं जड असलं तरी थाप बिनचूक. अयोध्या मागं जाऊन पुन्हा म्हणायची, पुन्हा थाप. आत्या बराच वेळ बघत राहिली. जाताना एवढंच म्हणाली, "लई मारती बाई ही." दुसऱ्या दिवशी तिनं दोघींच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी दिली होती.

वैजंताचं बोलणं मला अजूनही निम्मं कळत नाही. अयोध्याला सगळं कळतं. तुम्हालाही कळायचं, कारण तुम्ही व्हरांड्यात बसून रोज मधल्या सुट्टीत तिच्याशी गप्पा मारायचात. मी गणित शिकवतो, मला ऐकायची सवय कमी.

कपिलधारची सहल तुम्हाला आठवत असेल. तिथं पायऱ्या आहेत म्हणून वैजंताला बसमध्येच शिपायाजवळ ठेवावं, असा निरोप संस्थेकडून आला होता. तुम्ही बस तिथं पोचल्यावर सगळ्यांना सांगितलंत, "एक जोडी बसमध्ये बसणार म्हणतात. मग आपण सगळेच बसू." पोरं बसली. डबे उघडले. बाहेर झाडी, देऊळ, माकडं, आणि आत आम्ही घामानं निथळत भाकरी खातोय. मग मोठ्या वर्गातलीच कुणीतरी म्हणाली, खुर्चीला बांबू बांधू. जोड्या बदलत बदलत पोरांनी तिला खाली नेलं. धबधब्याला पाणी म्हणाल तर त्या वर्षीही करंगळीएवढंच होतं, दुष्काळाची ती सुरुवात होती. वैजंतानं हात पुढं करून ते पाणी तोंडावर घेतलं आणि काहीतरी म्हणाली. सगळी पोरं हसली. मी अयोध्याला विचारलं, काय म्हणाली? "म्हनती, सर बसमदीच बसले असते." बाई, त्या दिवसाबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आज मानतो.

त्यानंतर पाऊस आलाच नाही म्हणायचा. आषाढ कोरडा, श्रावण कोरडा. बोअरवेलमधून आधी गाळ आला, मग नुसती हवा, खोकणाऱ्या म्हाताऱ्यासारखी. कारखान्याला ऊस नाही म्हणून यंदा बॉयलर पेटलाच नाही. तेलगावच्या रस्त्याला दर वर्षी दिसणाऱ्या उसाच्या गाड्या दिसल्या नाहीत, दिसले ते टँकर. शाळेमागच्या पटांगणात चारा छावणी उघडली आणि परिपाठाच्या प्रार्थनेत जनावरांचं हंबरणं मिसळायला लागलं. गावातली सगळ्यात खोल विहीर शाळेच्या मागच्या अंगाला, तेव्हा टँकर तिच्यातच सोडायचं ठरलं. तिथवर जायचं तर व्हरांडा आणि कुंपणाची भिंत यांच्यामधून जावं लागतं, आणि तिथंच रॅम्प उतरतो, तो असेपर्यंत टँकर आत जात नाही.

तुम्ही टँकर फाटकापाशी थांबवलात आणि तिथून विहिरीपर्यंत पाइप टाकलात. वेळ लागायचा. ड्रायव्हर शिव्या द्यायचा, कारण त्याच्या खेपा कमी व्हायच्या. उन्हात घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांचेही चेहरे बदलायला लागले होते. एकदा एक म्हातारी तुम्हाला म्हणाली, "पोरीचं बगा बाई, पर आमच्या घागरीचंबी बगा."  त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही स्वतः पाइपाचं तोंड धरून उभ्या होतात, पदर डोक्यावर, टँकर रिकामा होईपर्यंत. 

आपलं शेवटचं भांडण त्याच आठवड्यातलं.  बीडला अपंग मुलींसाठी निवासी शाळा आहे, तिथं वैजंताला पाठवावं असा साहेबांचा आग्रह होता, आणि खरं सांगायचं तर मलाही तो पटत होता. मी स्वतः जाऊन पाहून आलो होतो. जागा वाईट नाही. व्यायाम करून घेणाऱ्या ताई आहेत, चाकाची चांगली खुर्ची आहे, पाणी आहे. मी हे सगळं तुम्हाला सांगितलं. तुम्ही विचारलंत, "तिथं तिचं बोलणं कुणाला कळेल?" मी म्हटलं, शिकतील. तुम्ही म्हणालात, "तिला जायचं असेल तर मी स्वतः सोडायला जाईन. तिला विचारलंय कुणी?" मग मी चिडलो आणि इतकी वर्षं ओठावर असलेलं बोलून टाकलं. "बाई, हे सगळं तुम्ही आहात म्हणून चाललंय. रॅम्प तुमचा, जोड्या तुमच्या. तुमच्या माघारी काय?"

तुम्ही चष्मा काढलात. काहीतरी बोलणार होतात, हे मी शपथेवर सांगतो, तोंड उघडलं होतं तुम्ही. तेवढ्यात फाटकापाशी टँकरचा हॉर्न वाजला आणि तुम्ही पाइप जोडायला उठलात. नंतर होळी आली, आणि धुळवडीच्या सकाळी तुमच्या घरून फोन. मला उत्तर मिळायचं राहून गेलं.

तुमच्या दहाव्याला आम्ही सगळे शिक्षक बीडला गेलो होतो, शाळेला तेव्हापासून तेराव्यापर्यंत सुट्टी होती. त्याच दिवशी संस्थेची जीप वैजंताच्या चुलत्याच्या दारात गेली. चुलत्याला सांगितलं, बापाची परवानगी आहे, शाळेचंही तसंच ठरलंय. तिला उचलून जीपमध्ये ठेवलं. ती ओरडत होती म्हणे. काय ओरडत होती ते मात्र कुणाला कळलं नाही, कारण कळणारी पोरगी आत्याबरोबर शेण गोळा करायला गेली होती. तीनचाकी इथंच राहिली. लिंबाच्या झाडाखाली उभी आहे, तिच्या सीटवर आता पाचोळा साठलाय.

तुमच्या जागी तात्पुरता म्हणून मलाच बसवलंय. साहेबांनी बोलवून घेतलं. आवाज अगदी मऊ. "मास्तर, गावाला प्यायला पानी न्हाई अन् तुमी उतार कवटाळून कावून बसायचं? आता पोरगीबी चांगल्या जागी गेली. पोरगी न्हाई तर उतार कुनासाठी?" मी पाइपाचं विचारलं. म्हणाले, पाइप छावणीला लागतो. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ऐकू न येनारी ती दोन पोरंबी हायत न्हवं? त्यांचंबी बगू पुढं."  एक एक वीट काढायची, भिंत आपोआप पडते, एवढं गणित मलाही येतं. आणि त्यांचं म्हणणं सगळंच खोटं होतं असंही नाही, याचा मला जास्त राग येतो. बाहेर खरंच घागरींची रांग होती.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, परिपाठाला मी हजेरी घ्यायला उभा राहिलो. जोडीनं घ्यायची नाही, एकेकाची घ्यायची, अशी संस्थेची सूचना होती. मी एकेकाचं नाव घेत गेलो. पोरं हजर, हजर म्हणत गेली. वैजंताचं नाव मी गाळलं आणि पुढं अयोध्याचं घेतलं. ती माझ्यासमोर उभी होती. वेण्यांना लाल रिबन, दप्तर पाठीवर, आणि दुसऱ्या हातात वैजंताचं दप्तर. तिनं ते दप्तर नीट धरलं. मी पुन्हा नाव घेतलं.

"आमी गैरहजर हाओत, सर."

मी म्हटलं, अगं, तू तर माझ्यापुढं उभी आहेस.

"वैजी न्हाई. मंग आमी गैरहजर."

रांगेत चुळबूळ झाली नाही. पोरं माझ्याकडं बघत राहिली, सगळीच्या सगळी, धाकट्या वर्गापासून. शेवटी मागून एका जोडीनं विचारलं, "सर, आनायला कोन जायचं?" त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. कुणी आलं नाही की कुणीतरी आणायला जातं आणि तोवर प्रार्थना थांबते, हे त्यांना सूर्य उगवतो तसं माहीत होतं.  छावणीतली जनावरं हंबरत होती, फाटकावर टँकर येऊन थांबला होता आणि आम्ही तसेच उभे. प्रार्थना काल झाली नाही, बाई. आजही झाली नाही.

काल दुपारी मी वैजंताच्या बापाला फोन लावला. तो दूर पश्चिमेकडं कुठल्याशा फडात होता. वाऱ्याचा आवाज येत होता, मधूनच कोयत्याचा. "राम राम सर," तो म्हणाला, "बाई बऱ्या हायत न्हवं?"

मी सांगायच्या आत तोच पुढं बोलत राहिला. "बाईचा निरोप भेटला आमाला. हिची आई रडाया लागली, पर मी म्हनलं, बाईनं ठरवलं असंल तर इचार करूनच ठरवलं असंल. म्हनून मी हो म्हनलो. बाईच्या शब्दाफुडं आमी काय बोलायचं?"

कुणी फोन केला होता, मी विचारलं. नाव त्याला माहीत नव्हतं. शाळेतून बोलतोय, मुख्याध्यापक बाईंचं असं म्हणणं आहे, एवढं सांगितलं होतं. आणि तो फोन तुमच्या सहाव्या-सातव्या दिवसाला आला होता. तुमची राख सावडून झाली होती तेव्हा तुमच्या तोंडी हे शब्द घातले गेले, आणि त्या माणसानं हातातला ऊस न ठेवता ते मानले. तुमच्यावरचा त्याचा विश्वासच त्यांनी वापरला. असा विश्वास कुणी कमवू नये, बाई, असं क्षणभर वाटलं मला.

मग मी त्याला तुम्ही गेल्याचं सांगितलं.  मागं बायको विचारत होती, काय झालं, काय म्हनत्यात? त्यानं तिला सांगितलं असावं, कारण ती मोठ्यानं रडायला लागली. तो पुन्हा फोनवर आला तेव्हा आवाज बदललेला होता. "मंग आमाला हे कोन बोललं, सर?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता म्हणाला, "पोरीला माघारी आना. मला मुकादम सोडत न्हाई, न्हाईतर मीच आलो असतो. तिला इचारा. तिला तितंच ऱ्हायचं असंल तर ऱ्हाऊ द्या. पर बाईवानी इचारा."

निवासी शाळेला मी फोन केला. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. बाप म्हणतो तर घेऊन जा, म्हणाले, पोरगी तशीही काही खात नाही, आणि काय म्हणते ते आम्हाला उमगत नाही. एक गोष्ट मात्र सारखी करते म्हणे, बाकावर थापा मारते.

उद्या पहाटेच्या गाडीनं मी वडवणीहून बीडला जातोय. शिपायाला छावणीतून पाइप मागून आणायला सांगितलंय. तो आणेल की नाही माहीत नाही. साहेबांना मी आज बापाचं बोलणं सांगितलं, आणि पोरगी परत येतेय, तेव्हा उताराला हात लावू नका असंही सांगितलं.  त्यांनी खिशातून सुपारी काढली, कातरली, आणि म्हणाले, "मुहूर्त निघालाय, मास्तर. अन् तुमची जागा तात्पुरती हाय, ध्यानात असू द्या." मी ध्यानात ठेवलंय. मी भित्रा माणूस आहे, हे तुम्ही एकदा हसत हसत म्हणाला होतात आणि ते खरं आहे. तरी उद्याच्या गाडीची वेळ मी विचारून आलोय.

मघाशी शाळा सुटताना अयोध्याला सांगितलं की मी उद्या वैजंताला आणायला चाललोय. तिनं कपाळाला आठ्या घातल्या.

"एकलेच?"

मी म्हटलं, हो.

"आनायला एकट्यानं जात न्हाईत सर. जोडीच जाती. अन् वैजी काय म्हनती ते तुमाला कसं कळंल?"

तेव्हा उद्या ती माझ्याबरोबर येतेय. आत्याला विचारून आलो. आत्या म्हणाली, घेऊन जा, घरात तरी कुठं जेवती ती. तुमच्या माघारी काय, या प्रश्नावर तुम्ही तोंड उघडलं होतं आणि टँकर वाजला होता. तुम्ही काय बोलणार होतात ते मला आता कधीच कळणार नाही. पण मला वाटतं, तुम्ही मला रांगेकडं बघायला सांगणार होतात.

फाटकातून बाहेर पडताना अयोध्या जेसीबीपाशी थांबली. त्याच्या दातांना वाळलेली माती चिकटली होती, ती तिनं नखानं खरवडून पाहिली. सूर्य मावळायला आला होता आणि आभाळात ढगाचा एक ठिपका नव्हता. मी तिला खरं काय ते सांगून टाकलं. म्हटलं, अयोध्या, आपण बीडहून परत येईपर्यंत रॅम्प बहुतेक राहिलेला नसेल. मग वैजंताला वर वर्गात कसं न्यायचं?

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी सोपा पाढाच चुकलो होतो.

"कपिलधारला नेलं तसं," ती म्हणाली.